लाल घमेल्याखालचा मीटर

पाण्याचा मीटर पोटच्या पोरासारखा कुणी सांभाळला असेल, तर तो मुरबाडच्या आमच्या आत्याने. नव्वदनंतर कधीतरी तिच्या दारात नळ आला आणि आत्याचे पाय जमिनीवर ठरेनात! अंगणातल्या खड्ड्यात मीटर, शेजारी पाणी बंद करायचा वॉल, वर फरशी आणि खुणेला फरशीवर उपडं लाल घमेलं. कुणीही येवो, जयभीम झाला की चहाच्या आधी त्याला घमेल्यापाशी उभं करणार. "बघून ठेव रे. पाइप फुटला तर आदी लाइटीचा मेन स्विच, मंग हा वॉल. उजवीकडं, सावकाश. कुस्ती नाय खेळायची त्याच्याशी!" मग घरातला नळ सोडून पाणी खरंच थांबलं का, तेही पाहुण्यानेच बघायचं. बाजाराला धसईला निघाली तरी ही वॉल बंद करून जायची. एकदा आतोबा अंगभर साबण लावून मोरीत, आणि ही एसटीत! अंगणात शेजारणी तांदूळ निवडत बसलेल्या, त्यामुळे बिचाऱ्यांना बाहेर येऊन वॉल उघडायचीही सोय नव्हती.

मुलीला बघायला टोकावड्याचा मुलगा आला, तर पोह्यांच्या आधी तोही घमेल्यापाशी. त्याने वॉल अलगद बंद केला आणि आत्याने तिथेच स्थळ पक्कं केलं.

लग्नाच्या सकाळी मात्र घात झाला. आत्याने हौसेने स्वतः अंगण सारवलं. मांडवात घमेलं कसं दिसेल, म्हणून ते घरामागे टाकलं आणि भरात फरशीही सारवून टाकली. नवरदेव येऊन अंगणातल्या मांडवात सोफ्यावर बसले, आणि स्वयंपाकघरात पाइप फुटला! पाण्याची चिळकांडी थेट पंगतीच्या तांदळाच्या पोत्यांकडे.

"माज्या पोरीच्या लग्नात लोक उपाशी जातील गो!" असं ओरडत आत्याने मेन स्विच पाडला. "पळा, घमेलं!"

सगळे तिनेच तयार केलेले. सगळे घमेल्याकडे धावले, म्हणजे घरामागे! तिथे माझ्या एका काकांनी कुदळीने खणायलाही घेतलं. आत्या अंगणभर भिरभिरली. सगळीकडे सारखंच सारवण. एकदम ती सोफ्यापुढे थबकली आणि कडाडली, "जावईबापू, उठा! तुमच्या बुडाखाली मीटर हाय!"

जावई शहाणा. सोफा सरकवला, सारवण खरवडलं, फरशी उचलली आणि "उजवीकडं, सावकाश" असं स्वतःशीच पुटपुटत वॉल फिरवला. पाणी थांबलं! एका पोत्याचा तळ तेवढा ओलावला. मांडवात अशा टाळ्या पडल्या म्हणता!

मुलगी सासरी गेल्यावर आत्या मांडीवर घमेलं घेऊन खड्ड्यापाशी बसली होती. मी चेष्टेने म्हटलं, "आत्या, पोरीपेक्षा मीटरवर जीव जास्त गं तुझा!"

ती हसली नाही. "गावच्या विहिरीला आमी हात लावायचा नाय. आय न् मी हंडा घेऊन लांब उभ्या. कुणाच्या मनात आलं तर ओतायचं, नायतर नाय. आता पाणी सोडायचं न् थांबवायचं माज्या हातात हाय रे."

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. मुरबाडला गेलो की आता आतोबाच मला चहाच्या आधी घमेल्यापाशी नेतात. "बघून ठेव रे," म्हणतात. मला सगळं पाठ आहे. तरी मी मुकाट्याने वाकतो, वॉल सावकाश बंद करतो आणि पुन्हा उघडतो. मोरीतल्या नळाला पाणी आल्याचा आवाज येतो, आणि दोघांनाही एकमेकांकडे बघवत नाही.