तिनं घडी घालून परत दिलेली जर्सी

दहावीच्या आईबाबांनो, जरा वाचाल का?

मी हायस्कुलात पीटी शिकवते. आज शाळा सुटल्यावर वडगावची एक विद्यार्थिनी खो-खोची जर्सी परत द्यायला आली. तिच्या घरी साड्यांचा पॉवरलूम आहे. विकायच्या साडीसारखी, आत कागद घालून तिनं जर्सीची घडी घातली होती.

"दहावी हाय, खेळ बंद म्हणालेत आप्पा."

वर्गात ही शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसते. मैदानात मात्र तिच्या एका हाकेवर अख्खी टीम पळते.

"अभ्यासातबी पुढं जाशील गं," मी म्हटलं.

"व्हय मॅडम. पण तोवर मी कशात चांगली हाय?"

ती घरी गेली. जर्सी टेबलावर आहे, घडी मोडवत नाही. उद्या ती वर्गात दिसेल. तिला काय सांगू?