केतकीचं फिनलंड रायस्वाइकलाच संपलं

मंडळी, आत्ताच द हेगमधल्या फिनलंडच्या वकिलातीतून घरी आलेय. माझ्या भाचीला, केतकीला, फिनलंडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. आधी आमच्याकडे नेदरलँड्सला, रायस्वाइकला यायचं आणि फिनलंडमध्ये राहून शिकायच्या परमिटचा अर्ज इथूनच करायचा, असं ठरलं होतं.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "टुरिस्ट व्हिसावर इथून अर्ज करता येत नाही. भारतातूनच करावा लागेल."

वर्ग तर पुढच्या आठवड्यात सुरू होताहेत! लगेच विद्यापीठाला फोन केला. परमिट यायला महिना-दोन महिने लागतील, तोवर यंदाची जागा राखून ठेवता येणार नाही म्हणाले.

ट्रॅममध्ये केतकी एवढंच बोलली, "मावशी, आईला तूच सांग."

ताईने घरात सगळ्यांशी भांडून तिला पाठवलंय.

बाहेर शिकायला निघालेल्यांनो, परमिट हातात आल्याशिवाय घर सोडू नका. आणि मला सांगा, ताईला फोन करून काय बोलू?