आवडाबाईंचा स्पॅनिश बस्ता

आमच्या कॉलनीत कोणाकडं काय शिजतंय हे मला फोडणीच्या वासावरून कळतं. पण शेजारच्या आवडाबाई कपडे वाळत घालताना काय पुटपुटतात, हे ऐकायला मला गच्चीवर जावं लागलं. लाल परकर झटकला, "रोखो." पिवळा टॉवेल, "आमारियो." नवऱ्याची, साहेबरावांची, हिरवी लुंगी, "वेर्दे."

"मंत्र म्हणताय का भाऊजींना शिव्या देताय?"

"स्पॅनिश हाय," त्या न हसता म्हणाल्या.

त्यांच्या लेकानं, विश्वजीतनं, नोकरीच्या गावी, स्पेनमध्ये, इरेने नावाची मुलगी पसंत केली होती. लग्न इथं ठरलं. आता बस्ता बांधायचा होता. लग्नाच्या साड्या घ्यायला दोन्हीकडच्या बाया दुकानात गादीवर बसतात. नवरीही बसते, पण तिचं काम मान डोलवायचं. आवडाबाईंच्या स्वतःच्या बस्त्याला सासूनं विटकरी शालू उचलला, तो त्या मुकाट्यानं नेसल्या.

"माझ्या सुनेला मी विचारणार. माझ्या तोंडानं."

"विश्वजीत विचारील की."

"मग तोच निवडील. त्याला राणी अन् डाळिंबी एकच दिसतं."

मी चेष्टा सोडली नाही. भाजीच्या गाडीवर टोमॅटो, वांगी उचलून परीक्षा घ्यायचे. चुकल्या की "नापास" म्हणायचे. त्या तिथंच उभ्या राहून बरोबर येईपर्यंत म्हणायच्या, भाजीवाला ताटकळायचा. रात्री फोनवर लेकाशी वाद.

"चिंतामणी रंगाला काय म्हणतात?"

"आई, निळा म्हण."

"निळा तुझा शर्ट. मी चिंतामणी विचारते."

काळा रंग तेवढा त्या शिकल्याच नाहीत. लग्नघरात त्याचं काय काम?

बस्त्याला आम्ही इरेनेला घेऊन गुलमंडीवरच्या साडीच्या दुकानात गेलो. त्यांच्या मोठ्या जाऊबाई, गंगापूरच्या यमुनाबाई, सगळ्यांच्या आधी गादीवर चढल्या आणि हिरवा शालू इरेनेच्या खांद्यावर टाकून मोकळ्या झाल्या. पोरगी मान डोलवत होती. आवडाबाईंनी शालू उचलून बाजूला ठेवला.

"के कोलोर, इरेने?"

पोरीचे डोळे मोठे झाले. तिनं ढिगाकडं पाहिलं, मग वरच्या फळीवरच्या काळ्या पैठणीकडं बोट केलं. "नेग्रो."

आवडाबाईंना शब्द नवा होता, बोट कळलं.

"काळं? लग्नात?" यमुनाबाई म्हणाल्या. "संक्रांतीला घे म्हणावं."

मीही कानात कुजबुजले, "तुम्हाला कळलंच नाही म्हणा, विषय संपला."

"कळलं ना पण." आवडाबाईंचा चेहरा उतरला होता, आवाज नाही. "विचारलं मी. आता ऐकायचं नाय, तर विचारलं कशाला?" मग दुकानदाराला, "काढा ती. अक्षदांना हीच नेसंल."

"लोक काय म्हणतील?" यमुनाबाईंनी विचारलं.

"म्हणू द्या. मराठीतच म्हणतील, तिला कुठं कळतंय."

यमुनाबाईंनी तोंड फिरवलं. पैठणी मांडीवर घेऊन इरेनेनं तिचा पदर उलगडला, हात फिरवला. मग ती सासूकडं वळली, बोट त्यांच्या छातीशी नेलं आणि ढीग दाखवत त्यांचाच प्रश्न त्यांना केला, "के कोलोर?"

आवडाबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी साड्यांचा ढीग त्यांच्याकडं सरकवला. त्यांनी चष्मा पुसला, मांडी नीट घातली आणि दुकानदाराला म्हणाल्या, "भाऊ, सगळं परत दाखवा. पहिल्यापासून. मला वेळ लागंल."

यमुनाबाईंनी तिसरा चहा मागवला.