जिन्यावरची पाठ

माझ्या स्वभावात संशय आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याने मापाला हात सैल सोडला, तरी मला वाटतं आज पाणी जास्त असणार. थोरली बहीण म्हणते, "तू चित्रकार कशाला झालीस? पोलिसात जायचंस." त्यामुळे फुगेकाका आमच्याकडे स्वतःहून काम मागायला आले, त्याच दिवशी माझ्या डोक्यात किडा वळवळला.

आमच्याकडे म्हणजे मी आणि मॅडम काम करायचो त्या, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत. खाली शिलाई मशीन चाललं की वर माझी शाईची बाटली थरथरायची. मॅडमनी कॉलेजात असताना उसना कॅमेरा घेऊन काचेच्या बाटल्यांच्या एका कारखान्यातल्या संपावर माहितीपट केला होता. एकतीस वर्षांनी त्याची चित्रकादंबरी करायचं ठरलं. मॅडम फिल्ममधले एकेक क्षण निवडून त्यांचे फोटो भिंतीवर डकवायच्या, मी त्यावरून चित्रं काढायची, आणि चित्रातली माणसं जे बोलतात ते फुगे हाताने लिहायला कुणीतरी हवं होतं. जाहिरात अजून द्यायची होती. तेवढ्यात हे जिना चढून दारात हजर.

"कारखान्याचं पुस्तक करताय असं ऐकलं," ते म्हणाले.

"कुणाकडून?" मी विचारलं.

"असंच, कानावर आलं."

बास. त्यापुढे ताकास तूर लागू दिली नाही. साठी केव्हाच ओलांडलेली, जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला, फ्लेक्स आल्यावर ब्रश वाळत पडलेले. अक्षर मात्र असं की प्रत्येक आंघोळ करून, भांग पाडून बसल्यासारखं. मॅडम पहिल्या ओळीलाच विरघळल्या. मी त्यांना फुगेकाका म्हणायला लागले आणि त्यांच्यावर नजर ठेवायला लागले.

आता गोष्ट कशावर अडली होती ते सांगते. संपाच्या आदल्या संध्याकाळी कामगारांची गुपचूप बैठक झाली. दुसऱ्या दिवशी बैठकीतल्या अकरा पुढाऱ्यांना गेटवरूनच परत पाठवलं. अकरा घरांच्या चुली थंडावल्या, संप मोडला. नावं आतल्याच कुणीतरी दिली होती. मॅडमच्या कॅमेऱ्यात, समोरच्या गच्चीवरून, एक माणूस ऑफिसच्या लोखंडी जिन्याने वर जाताना सापडला होता. पाठमोरा. हातात कागद. चेहरा नाही.

आणि फिल्ममध्ये त्या पाठीच्या लगेच पुढचं दृश्य काय, तर गेटवाला कुलूप लावतोय. त्याचा चेहरा अगदी जवळून.

मॅडम आजही म्हणतात, "मी कुठे म्हटलं तो गेटवाला आहे म्हणून?" म्हणायची गरजच पडली नाही. पाठ आणि चेहरा शेजारी ठेवले, बाकीचं लोकांनी केलं. गेटवाल्याशी गाव बोलेनासं झालं. पुस्तकातही तीच दोन चित्रं तशीच शेजारी येणार होती, पान एकशे बारा, आणि छपाईला तीन आठवडे उरले होते.

एक दिवस गेटवाल्याची मुलगी आली. पन्नाशीची, शाळेत शिपाई आहे, गणवेशातच आली होती. उभ्याउभ्याच म्हणाली, "जिन्याच्या चित्राला लागून बाबांचं तोंड काढलंय म्हणे तुम्ही. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, अंथरुणात आहेत. फिल्म काय, एकदा दाखवली की गेली. पुस्तक घराघरात राहतं. ते मरायच्या आधी एवढं तरी करू नका."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "जे शूट झालंय तेच आम्ही छापतो. आम्ही मनचं काही घालत नाही."

"मग लोकांच्या मनातलं काढता तरी येतं का?" ती म्हणाली आणि निघून गेली.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वाईट वाटण्याच्या आधी मनात आलं ते हे की पान एकशे बारा आम्हा तिघांशिवाय कुणी पाहिलेलं नाही. मग हिला कुणी सांगितलं? मी काकांकडे पाहिलं. ते पाठ करून बसले होते, आणि त्यांचं पेन चालत नव्हतं.

त्या दिवसापासून मी त्यांची पानं तपासायला लागले. काका माझ्या चित्रावर पातळ ट्रेसिंग ठेवून त्यावर फुगे बसवायचे, म्हणजे फुगा कुठे पडला ते उचलून पाहता यायचं. आमच्या धंद्यात चित्रकाराचा आणि फुगेवाल्याचा उभा दावा असतो. आम्ही जीव तोडून हात काढायचा आणि यांनी नेमका त्यावर फुगा आपटायचा. पण काका त्यातले नव्हते. चपलेचा अंगठासुद्धा झाकू द्यायचे नाहीत. फक्त जिन्यावरचा माणूस आला की फुगा बरोबर त्याच्या पाठीवर. तो माणूस पुस्तकात चार वेळा येतो. चारही वेळा झाकलेला.

"काका, इथे आकाश मोकळं आहे की वर!"

"वर ठेवला तर वाचणाऱ्याची नजर चुकते, ताई."

नजर चुकते! माझी नाही चुकायची. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी ताळा जुळवला तो असा की काका गेटवाल्याचे कुणीतरी लागतात, त्याला वाचवायला आत शिरलेत, आणि इथल्या बातम्या तिकडे पोचवतात.

एका रविवारी मी त्यांच्या मागे गेले. होय, गेले. लाज वाटली नाही, चपला तेवढ्या चावल्या. कापड गिरणीच्या भिंतीला लागून बैठ्या घरांची रांग होती. शेवटच्या घराच्या ओट्यावर तीच मुलगी कपडे वाळत घालत होती. "या काका," म्हणाली, माहेरच्या माणसाला म्हणावं तसं. उघड्या खिडकीतून मला आतलं दिसलं. खाटेवर एक वाळकं म्हातारं माणूस, आणि फुगेकाका जमिनीवर बसून, त्याचा पाय मांडीवर घेऊन, एकेक नख कापत होते. पाट्यांवर बारीक अक्षरं लिहिताना जसा श्वास धरतात, तसा धरून.

सोमवारी मी सरळच विचारलं. "तुम्ही गेटवाल्याचे कोण?"

ते दचकले नाहीत. "कुणी नाही. त्याच्याकडे कुणी जात नाही, म्हणून जातो. सव्वीस वर्षं झाली."

म्हणजे माझा हिशोब बरोबर! मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. किती अर्धवट होते मी, ते त्याच दुपारी कळलं.

पान एकशे बारावरची पाठ माझ्या मनासारखी उतरली नव्हती. फोटो धूसर होता, डाव्या खांद्यापाशी शर्टाची चुणी कशी पडते ते कळेना. अशा वेळी आम्ही समोर जो असेल त्याला पाहून काढतो. मॅडमचे हात मी तीन कामगारांना दिले होते, खालच्या शिंप्याची मान एका मॅनेजरला. मी मान वर केली. समोर काकांची पाठ. डावा खांदा उतरलेला, त्यावर हवी तशी चुणी. झरझर काढून टाकलं. मग सवयीने ते चित्र फोटोवर ठेवून उजेडाला धरलं.

कुठेच काही सरकवावं लागलं नाही. मान, कानामागची खाच, उतरलेला खांदा, सगळं एकावर एक बसलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. महिनाभर ज्याची पाठ धूसर फोटोत शोधत होते, तो माझ्यापासून चार हातांवर बसून माझ्याच चित्रांना बोलतं करत होता.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "काका, तुमचा डावा खांदा कधीपासून उतरलाय?"

त्यांनी पेनला टोपण लावलं. वळले नाहीत. "वीस वर्षांचा होतो तेव्हापासून. शिडीवर चढून रंगाचा डबा याच खांद्याला अडकवायचो." मग म्हणाले, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना, ताई? सारख्या पाठीकडे बघायचात. मी रोज घरून ठरवून यायचो, की आज विचारतील."

मला काय माहीत असणार कपाळ! पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. मी त्यांच्यावर घेत होते तो संशय भलताच, आणि मी घेतेय असं त्यांना वाटत होतं तो खरा.

मग त्यांनी थोडंसं सांगितलं. कारखान्यात ते खोक्यांवर अक्षरं रंगवायचे. बैठकीतली नावं त्यांनीच लिहून घेतली होती, अक्षर चांगलं म्हणून. बायको आठव्या महिन्यात होती, मॅनेजरने नोकरी कायम करतो म्हटलं. "वर्षभर केली ती नोकरी. मग गाव सोडलं. परत आलो तर सगळं त्या गेटवाल्याच्या डोक्यावर. पुस्तक निघतंय कळलं तेव्हा म्हटलं, आपली पाठ कोण दाखवतंय ते आपणच जाऊन बघावं."

"आणि झाकावी," मी म्हणाले. मला भयंकर राग आला होता. काका उठले, पिशवी उचलून गेले, आणि तीन दिवस आले नाहीत. मी मॅडमना सांगितलं नाही. का नाही, ते मला अजून कळलेलं नाही. पळाला असेल, असंच मी धरून चालले होते.

चौथ्या दिवशी आले. एकशे बारावरचं ट्रेसिंग नव्याने करून आणलं होतं. पाठ उघडी. तिच्या उजवीकडे एक छोटा फुगा, फुग्याची शेपटी नेमकी त्या माणसाकडे वळलेली. आत दोन ओळी: "ही अकरा नावं. बारावं माझं होतं, ते मी खोडलंय."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे फिल्ममध्ये नाही. हे तुम्ही कुठून आणलंत? याला पुरावा काय?"

काका उठले. भिंतीवरच्या त्या फोटोशेजारी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

खाली मशीन चालू होतं. मॅडम कितीतरी वेळ पाहत राहिल्या, मग खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी त्या माणसाचा चेहरा..."  गेटवाल्याच्या चेहऱ्याचं चित्र त्यांनी स्वतःच्या हाताने त्या पानावरून काढून बाजूला ठेवलं.

"छापायच्या आधी मुलीला मी दाखवणार," काका म्हणाले. "ताई, तुम्ही बरोबर चला. एकटा गेलो तर वाटेतून परत फिरेन."

मी गेले. या वेळी मागे नाही, बरोबर. रविवार होता. तिने नेहमीसारखं "या काका" म्हटलं. त्यांनी ओट्याखालीच उभं राहून पान तिच्या हातात दिलं. तिने एकदा वाचलं. पाठ पाहिली, काकांकडे पाहिलं, पुन्हा पाठ पाहिली. मला वाटलं ओरडेल, पान तोंडावर फेकेल. तिने पान नीट घडी घालून परत दिलं. मग त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावणारं नेलकटर काढून घेतलं.

"यापुढे मी कापीन," ती म्हणाली. "माझ्या हातचा चहा प्यायलात तुम्ही. सव्वीस वर्षं."

काकांनी मान हलवली. तिने दार लोटलं. कडी अडकवायच्या आत आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, पातळ पण स्पष्ट. "कोण आलंय गं?"

"कुणी नाही, बाबा."

"पावलं ऐकली मी. येऊ दे त्याला आत." मग खोकला, आणि श्वास गोळा करून पुढचं. "त्या संध्याकाळीसुद्धा गेट मीच उघडलं होतं त्याला."