मनकर्णाची सीतावेणी आणि बापूरावांचं बोट

चौऱ्यांशी सालच्या मृगात आरमोरीच्या बाजारात एक बातमी भाजीपेक्षा जास्त खपली. मनकर्णाने म्हणे नवऱ्याचं बोट विळ्यानं छाटलं, तेही एका फुलापायी. बातमी कानाशी लागून सांगायची आणि मग मोठ्यानं "आपल्याले काय करा लागते" म्हणायचं, अशी रीत होती. गाड्या गावोगावी परतेपर्यंत एका बोटाची दोन बोटं झाली होती. देसाईगंजला पोचताना अख्खा पंजाच गेला.

मनकर्णाचं सासर आरमोरीपासून दोन कोसांवर, धानाच्या गावात. बाई रागीट, हे कोणी नाकारणार नाही. ताकात पाणी जास्त झालं तर ती ताकवालीला तिच्या आजीपर्यंतचं ऐकवायची. पण या रागाला आधीपासूनच धार लागलेली होती, आणि ती लावली होती तिच्या सख्ख्या भावानं.

तिचं माहेर गोंडपिपरीकडे. तिथे परसात एक म्हातारा आंबा होता आणि त्याच्या फांदीवर सीतावेणी होती. ही मातीत उगवत नाही. झाडाच्या सालीला मुळांनी धरून बसते आणि उन्हाळा सरता सरता जांभळ्या ठिपक्यांच्या फुलांची वेणी खाली सोडते. लग्न झालं तेव्हा मनकर्णानं फुललेलं एक रोप हौसेनं सोलून सासरी आणलं होतं. फुलं गळाली, आणि मागोमाग रोपही सडलं. पुढे भावानं, रामाजीनं, अख्खा आंबाच फळ्यांसाठी विकून टाकला. बहिणीला विचारलं नाही की सांगितलं नाही. ती माहेरी गेली तर परसात नुसता बुंधा, आणि उकिरड्यावर फेकलेल्या एका डहाळीवर शेवटची वेणी. ती डहाळी मांडीवर घेऊन मनकर्णा एसटीत बसली. कंडक्टर म्हणाला, लाकडाचं तिकीट लागेल. तिनं त्याला काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण तिकीट लागलं नाही.

डहाळी ओसरीच्या वाशाला टांगली. पहिली दोन वर्षं वेणी रुसून बसली. तिसऱ्या उन्हाळ्यात तिनं एकदाची फुलं सोडली आणि मनकर्णा हरखली. पण नेमकी त्याच वेळी डहाळीला वाळवी लागली. झाडझूड करताना रोज ओसरीत भुगा सापडायचा. वेणीला नवं लाकूड द्यायलाच हवं होतं. प्रश्न एवढाच की कधी. आता फुलावर असताना हलवावी तर मागच्यासारखी मरायची. न हलवावी तर डहाळी तुटून खाली यायची. आणि माहेरच्या झाडाचं एवढंच काय ते उरलेलं.

मनकर्णानं ठरवलं की थांबायचं. फुलं आपली आपण गळू द्यायची, दांडा वाळला की तेवढाच छाटायचा, मुळांना नवी हिरवी टोकं दिसली की दुसऱ्या डहाळीवर बसवायची. तोवर जुनी डहाळी तिनं सुतळीनं आवळून ठेवली.

पण गावात कोणाला थांबवत नाही. कुंपणापलीकडच्या रुखमाच्या पोरीला पाहायला पाहुणे यायचे होते. रुखमानं वेणी केसांत माळायला मागितली. मनकर्णा म्हणाली की आरमोरीच्या बाजारात कागदी फुलं मिळतात, ती सुकतही नाहीत. रुखमा हसली, पण ते बोलणं तिनं गाठीला बांधून ठेवलं.

घरचा शहाणा तर वेगळाच. बापूराव, म्हणजे मनकर्णाचा नवरा, माणूस साधा, पण जन्म गेला धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात. त्याच्या लेखी जगातलं प्रत्येक हिरवं हे धानाचं पऱ्हंच, म्हणजे रोवणीचं रोप. पऱ्हं उपटायचं, वाढलेलं छाटायचं, चिखलात रोवायचं, झालं. वेणीची लोंबणारी मुळं त्याच्या डोळ्यात खुपायची. एवढी मुळं बाहेर आणि मातीचा पत्ता नाही, हे काही त्याच्या मनाला पटत नव्हतं.

आठवडी बाजाराच्या दिवशी मनकर्णा आरमोरीला गेली. परत आली तर वाशाला नुसती सुतळी. खाली डालड्याचा डबा, डब्यात बांधीतला काळा चिखल, आणि चिखलात गळ्यापर्यंत रोवलेली सीतावेणी. मुळं एकसारखी छाटलेली. फुलांच्या दांड्याला वर काडीचा टेकूही दिलेला. बापूराव डब्याशेजारी शाबासकीची वाट पाहत बसलेला.

"काऊन हात लावला?" मनकर्णानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून बापूराव घाबरला.

"मिरग लागला ना वं. या दिवसात काईबी लावलं तं जगते. तुह्या वेणीले घर करून देल्लं."

"फुलावर होती ना ते. तुम्ही बोहल्यावर उभे होते, तवा कोणी तुम्हाले उचलून बांधीत रोवलं होतं का?"

बापूराव म्हणाला की नाई.

मग मात्र तोंड सुटलं. रामाजीचा आंबा निघाला, एसटीचा कंडक्टर निघाला, बापूरावच्या तीन पिढ्या बांधीत उभ्या राहिल्या. मनकर्णाला खरा संताप कशाचा होता? भावानं विचारलं नाही. नवऱ्यानंही विचारलं नाही. वेणी तिची, निर्णय तिचा, आणि हात मात्र ज्याला वाटेल त्याचा. एक जण माहेर विकतो, दुसरा उरलेलं चिखलात रोवतो आणि वर म्हणतो, तुझ्या भल्यासाठी केलं.

बोलता बोलता तिचे हात चालूच होते. रोप उपसलं, चिखल धुतला. उरलेल्या मुळांचे नुसते बुडखे होते. एवढ्याशा मुळांवर रोपानं स्वतः जगायचं की फुलं पोसायची? आजारी वांग्याचं पहिलं फूल ती दरवर्षी खुडत आली होती. तिनं विळा घेतला, फुलांनी लगडलेला दांडा उचलून धरला, जरा थांबली, आणि छाटला.

नेमकी त्या क्षणी रुखमा कुंपणातून डोकावली. मनकर्णाच्या हातात विळा, डोळ्यांत पाणी, समोर बापूराव मान खाली घालून. मनकर्णानं छाटलेली वेणी कुंपणावरून तिच्या हातात दिली. म्हणाली, "घे, पोरीच्या केसात घाल." रुखमानं वेणी घेतली, पोरीच्या केसांत घातली, पाहुण्यांना पोरगी पसंत पडली. आणि ती फुलं सुकायच्या आत त्याच रुखमानं बाजारात तोंड उघडलं. पदरात फूल घ्यायचं आणि देणारीनं नवऱ्याचं बोट छाटलं म्हणून गावभर सांगायचं, याला काय म्हणावं?

रोप मनकर्णानं जुन्या लुगड्याच्या चिंधीनं आंब्याच्या नव्या डहाळीवर बांधलं. बापूराव रोज पाण्याचा हबका मारायचा, तोही आधी विचारून. आषाढात पानं सुरकुतली, श्रावणात दोन गळाली. पोळ्याच्या सुमारास एका बुडख्यातून हिरवं टोक निघालं. पुढच्या उन्हाळ्यात फूल आलं नाही, त्याच्या पुढच्याला आलं. रामाजी तेवढ्यात बहिणीकडे आला होता. मनकर्णानं त्याला चहा दिला, वेणी दाखवली नाही.

बाजारात मात्र बोट अजून तुटलेलंच आहे. बापूरावनं दहा माणसांना हात पसरून दाखवला, पाची बोटं मोजून दाखवली. लोक म्हणाले, बिचारा बायकोले भिऊन राह्यला.

त्याच लुगड्याची एक चिंधी बापूरावच्या बोटालाही बांधलेली होती हे खरं. दांडा छाटला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वेणीसाठी तो आंब्याची डहाळी तासायला बसला. साल ठेवायची असते हे त्याला ठाऊक नव्हतं. तासायचा वाकस निसटला आणि बोटाला लागला. मनकर्णा तेव्हा गोठ्यात शेण काढत होती.