ताटाशी उभी राहिलेली बाई

सालोमेबाई होत्या म्हणून मी जालन्यात राहिले. हे आधी सांगते, मग बाकीचं. मिशनच्या आवारातल्या शाळेत लहान मुलांना शिकवणाऱ्या त्या एकट्या विधवा. दुष्काळाच्या साली आई भोकरदनकडच्या आमच्या धावड्याहून खडी फोडायच्या कामावर गेली, आणि आम्हा बौद्धांच्या घरची नऊ वर्षांची मी बाईंच्या एका खोलीच्या घरात राहून शिकायला आले... चुन्याच्या भिंती, रॉकेलचा दरवळ, चुलीवर रटरटणाऱ्या ज्वारीच्या कण्या. 'आमच्या धर्मात ये' असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत.

एका रविवारी प्रार्थनामंदिरात प्रभुभोजनाचं ताट फिरलं. शुभ्र कापडावर पावाचे बोटभर चौकोन — त्यांचा तो किंचित आंबूस, ऊबदार गंध! बाप्तिस्मा घेतलेल्यांनीच तो घ्यायचा, हे मला कुठं ठाऊक? वाटलं, खाऊ वाटताहेत. एक उचलला आणि गावाकडच्या धाकट्या भावासाठी मुठीत दाबला.

"हात उघड." मंडळीचे पंच याकोबराव समोर उभे. "बाई, हिला आजच गावाला धाडा. आज ही, उद्या सारं भोकरदन येऊन बसंल ताटाला!"

"येऊ द्या की! पाव सरला तर भाकरी मी थापते," सालोमेबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

कोणीतरी खुदकन हसलं, लगेच गप्प झालं. गाव म्हणजे खडी, शाळा संपलीच.

सालोमेबाई उठल्या. "आत्ताच पाळकसाहेब बोलले, देवाची माया साऱ्या जगावर हाय. मंग ही पोर जगाच्या भाईर हाय का?"

महिनाभर ज्याची वाट पाहत, तो आपल्या हातातला तुकडा त्यांनी हलकेच ताटात परत ठेवला. "हिला चालत न्हाई, तर मला बी नको." आणि मला घेऊन त्या दाराकडे निघाल्या.

उंबऱ्याशी पोचलो, तेव्हा मागून पाळकांचा आवाज आला, "बाई, पोरीला घेऊन बसा. ती इथंच राहील."

आम्ही बसलो. पण ताट पुढं गेलं होतं. त्या दिवशी बाईंनी प्रभुभोजन घेतलंच नाही.

परतताना मी भीतभीत विचारलं, "बाई, तुमच्या देवाला मी चालते?"

"अगं, त्याला न चालणारं माणूस मला अजून सापडलं न्हाई. याकोबराव बी चालतात त्याला!"

पुढं सातवीतच शाळा सुटली. लग्न होऊन सुरतेला आले. मी आजही बौद्धच. अलीकडे बाईंची पत्रं परक्या अक्षरात येतात — डोळे गेलेत म्हणे... जीव खालीवर होतो. बाई, दिवाळीनंतर मी येतेच आहे. तुमचं न्हाणंधुणं करीन, आणि सातवीपर्यंतच्या अक्षरांवर, अडखळत का होईना, तुमचं पवित्र शास्त्र तुम्हाला वाचून दाखवीन. तेवढं थांबा.