हरलो म्हणणारे पाळकबाबा

वादात हरल्यावर टाळी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो ख्रिस्ती धर्मोपदेशक होता. आमचे पाळकबाबा. माझा मुद्दा बिनतोड निघाला की ते मांडीवर थाप मारत, टाळीसाठी हात पुढे करत आणि आत ओरडत, "हरलो गं! सायबास्नी च्या ठिव!" आतून पाळकीणबाई विचारत, "आज कोण हरलं? तुमी का देव?" "मीच! देव कशाला हरतोय?" आणि दोघं नवराबायको मनमोकळं हसत.

गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांतली. मी इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होतो. नुकतंच विज्ञान शिकलेल्या माणसाला असते तेवढी मस्ती मलाही होती. देव नाही, हे मी कुणी न विचारता सांगत सुटे. पाळकबाबा कालव्यापलीकडच्या वाडीत, पत्र्याच्या प्रार्थनामंदिराशेजारी राहत. त्यांच्या चर्चची मंडळी म्हणजे मोलमजुरी करणारी मोजकी घरं. बाबा सायकलवरून आमच्या कॉलनीत येत, लांबूनच "सलाम, सायेब!" म्हणत आणि घरात पाय ठेवायच्या आधीच विचारत, "मग, आज काय न्हाय म्हणताय?"

माझ्या आईने त्यांच्यासाठी वेगळी कपबशी ठेवली होती. बाबांना ते ठाऊक होतं. "आई, माझा तो कान तुटलेला कप आणा," असं तेच सांगत आणि चहा इतक्या आवडीने पीत की शेवटी आईलाच लाज वाटून तिने कप बदलला. मुलगा बाटेल ही तिची धास्ती मात्र तशीच राहिली.

कारखान्यात आम्ही उसाचा रस नळीत घालून त्याची गोडी मोजत असू. बाबांना त्याचं भारी कौतुक. "सायेब, नळीत बसत न्हाय ते न्हायच का?" असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, "नळीत बसत नाही ते आहे, असं तरी कशावरून म्हणायचं?" झालं, टाळी आणि चहा. दुसऱ्या एका दिवशी ते घरचाच पुरावा घेऊन आले. "माझा बाप दारू पिऊन आईला मारायचा. येशूचं नाव घेतलं आन् दारू सुटली. ह्यो पुरावा न्हाय व्हय?" मी म्हणालो, "गळ्यात माळ घालूनही सुटते, बाबा." ते म्हणाले, "व्हय, सुटती. आमच्या शेजाऱ्याची सुटली." इतका प्रामाणिक प्रतिपक्षी असल्यावर भांडायचं तरी कसं?

माझ्या शंकांनी ते कधी चिडले नाहीत. "येशूच्या चेल्यांतबी एक तुमच्यावाणी हुता. जखमेत बोट घातल्याबिगर मानणार न्हाय म्हणाला. येशूनं काय त्याला हाकलला न्हाय, हात म्होरं केला," असं ते सांगत. एकदा मात्र त्यांनी माझं निदान केलं. "तुमाला इस्वास का अवघड जातो सांगू? तुमचं डोकं आड येत न्हाय, सायेब. फुकट काय घ्यायची तुमाला सवय न्हाय." मला राग आला. मी म्हटलं, "ते राहू द्या. लहान लेकरं तापाने मरतात, ते माझ्या आड येतं." त्यावर ते हरलो म्हणाले नाहीत की टाळी मागितली नाही. "ते मलाबी आड येतं," एवढंच बोलून सायकलवर बसले.

सुगी झाली की त्यांच्याकडे आभाराचा सण असे. जो तो आपल्या रानातलं, परड्यातलं काहीतरी देवापुढे आणून ठेवी आणि उपासना संपली की बाहेर त्या वस्तूंचा लिलाव होई. बाबांच्या आग्रहाने मीही गेलो, चढाओढ करून एक भोपळा घेतला आणि सायकलला बांधू लागलो. सगळी वाडी हसायला लागली. तिथली रीत अशी, की घेतलेली वस्तू घेणाऱ्याने पुन्हा देवाला द्यायची आणि ती पुन्हा लिलावात यायची. एकच कोंबडा कितीतरी हातांतून फिरे! मी ओशाळून भोपळा परत करायला निघालो, तर बाबा आडवे आले. "असू द्या, सायेब. देवाच्या घरनं पहिल्यांदाच काय तरी घेऊन निघालाय!" भोपळा त्यांनी स्वतः माझ्या सायकलला बांधला.

पुढच्या पावसाळ्यात माझी छोटी लेक नंदा मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळली. बारामतीहून डॉक्टर आले, नव्या गोळ्या सुरू झाल्या, तरी ताप हटेना. बाबा रोज येत आणि ओसरीवर बसून प्रार्थना करत. एके दुपारी आईच म्हणाली, "बाबा, आत या. पोरीच्या डोक्यावर हात ठेवा." त्या संध्याकाळपासून ताप उतरू लागला. नंदाने पेज मागितली तेव्हा मी ढसाढसा रडलो.

दुसऱ्या दिवशी मी तडक प्रार्थनामंदिर गाठलं. "बाबा, मला पुरावा मिळाला. माझं नाव लिहून घ्या. मला बाप्तिस्मा द्या."

बाबांनी मला बाकावर बसवलं. "आन् डाक्तरच्या गोळ्या?"

"त्या तर आधीपासून चालू होत्या."

"मग लागू पडाया येळ लागतोच की! सायेब, हे तुमी मला सांगायचं का मी तुमाला?"

मग ते हळू आवाजात म्हणाले, "माझी थोरली रूथ अशाच तापानं गेली. तिच्यापाशीबी मी हितक्याच जिवानं प्रार्थना केली हुती. नंदा उठली म्हणून देव हाय, तर मग रूथ गेली तवा काय न्हवता?"

"मग तुम्ही कशाच्या जोरावर मानता?"

"ती गेली तवा तो माझ्यापाशी बसून हुता. मला ठावं हाय. तुमाला दावता येत न्हाय." त्यांनी डोळे पुसले आणि लगेच हसले. "तुमी उपकार फेडाया आलाय. घरी जावा, पोरीला खेळवा. देवानं अजून बिल धाडलं न्हाय!"

बाबांनी मला परत पाठवल्याचं कळताच आईने त्यांच्या घरी पुरणपोळ्या धाडल्या. "ह्यो मातर देवाचा पक्का पुरावा," म्हणत त्यांनी त्या मिटक्या मारत खाल्ल्या.

वर्षभरात त्यांची बदली झाली. मी बारामती स्टेशनवर पोचवायला गेलो. बाबा सामान चढवत होते, तेव्हा पाळकीणबाई मला म्हणाल्या, "वरच्या कचेरीची तक्रार हुती, मंडळीत नवं माणूस येत न्हाय म्हणून. तुमचं नाव लागलं असतं तर ह्यांची बदली टळली असती." ती वाडी बाबांना किती प्रिय होती ते मला ठाऊक होतं. रूथची कबर तिथल्याच मातीत होती.

मी डब्याच्या खिडकीशी धावलो. "बाबा, तेव्हा का नाही सांगितलंत? वाडीतच राहिला असतात की!"

"ऱ्हायलो असतो," ते म्हणाले. गाडी हलली तसा त्यांनी खिडकीतून हात काढून माझा हात घट्ट धरला. "पर तुमी माझ्या देवाची जेवढी चौकशी केली, तेवढी माझ्या मंडळीत कुणी केली न्हाय. ती मीच बंद पाडू व्हय?"

मी आजही देव मानत नाही. पण चौकशी चालू आहे.